सरकीचे दोन दाणे

गादी पिंजायला कुणी आलं की दुकानदार आधी माप विचारतो. दादामियाँ आधी विचारायचा, "ह्या गादीवर स्वप्नं कसली पडतात?"

मोशीहून आळंदीकडं जाताना उजव्या हाताला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. पुढं कापूस पिंजायची मशीन, मागं शिवायची जागा, आणि भिंतीवर त्याच्या बापाची जुनी पिंजण टांगलेली. मोठ्या धनुष्यासारखी. तिच्यावर आता काम होत नव्हतं, पण रोज सकाळी तो फडक्यानं ती पुसायचा. त्याच्या दाढीत, भुवयांवर, कानाच्या केसांवर सगळीकडं कापूस. पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं, हा माणूस फार म्हातारा आहे. नंतर कळलं, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बाकीचा सगळा कापूस.

मी चौथी शिकलेला. लातूरकडून आलो आणि भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर, उभा जन्म काढला. डाव्या हाताचं एक बोट अर्धं तिथंच राहिलं. मला नटवून लिहिता येत नाही. पण दादामियाँवर कुणीतरी लिहायला पाहिजे, आणि त्याचं बोलणं पोटभर ऐकलेला मीच उरलोय.

स्वप्नांचे त्याचे कायदे होते. ते त्याच्या बापाकडून आलेले, बापाकडं मशिदीतल्या मौलवीकडून. तो म्हणायचा, "वाईट स्वप्न पडलं तर कुणाला सांगायचं नाही. डावीकडं तीनदा थुंकायचं, कूस बदलायची आणि झोपायचं. चांगलं पडलं तर सांगायचं, पण ज्याचा आपल्यावर जीव आहे त्यालाच. स्वप्न पाखराच्या पायाला बांधलेलं असतं, अण्णा. ज्यानं पहिल्यांदा अर्थ लावला त्याच्या शब्दावर ते खाली उतरतं. जळकुट्या माणसाला सांगितलं की गेलं काम."

मी म्हटलं, "आमची आई वाईट स्वप्न वाहत्या पाण्याला सांगायची."

"म्हणजे एकच झालं की. तुमच्यात पाणी, आमच्यात थुंकी. ओलं काहीतरी लागतंच."

आळंदीत कीर्तन असलं की तो बाहेरच्या बाजूला उभा राहून ऐकायचा. एका कीर्तनात त्यानं त्या राजाची गोष्ट ऐकली, ज्यानं स्वप्नात राज्य दान केलं आणि सकाळी उठून खरोखर देऊन टाकलं. मला म्हणाला, "भला माणूस. पण बायकोला विचारलं होतं का त्यानं?" आणि लगेच गंभीर झाला. "आमच्यात एक नबी, म्हणजे पैगंबर, होऊन गेले. तुरुंगात बसून कैद्यांना त्यांच्या स्वप्नांचे अर्थ सांगायचे. तुमच्या ह्या नदीकाठच्या वाणी संताला गुरू भेटला तोही स्वप्नात. बघा राव, देवाला माणसाशी बोलायचं असलं की आधी तो त्याला झोपवतो. जागा माणूस ऐकतोय कुठं?"

त्याचं गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक चाकणच्या कंपन्यांतली कंत्राटी पोरं. एका खोलीत सहा जण, गाद्या तीन. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच गादीवर आडवा. गादी कधी गार पडत नाही. दादामियाँ त्या गाद्यांना 'शिफ्टवाल्या' म्हणायचा. सांगायचा, "वेगवेगळ्या चादरी वापरा रे, एकाची स्वप्नं दुसऱ्याच्या अंगाला लागतील."

एकदा मी तिथं बसलो असताना बुलढाण्याकडचा एक गडी गादी घेऊन आला. नेहमीचा प्रश्न झाला. गड्यानं गादी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "चाचा, तीन दिवस झाले, माझा हात प्रेसखाली जातोय. दचकून उठतोय."

मला वाटलं, आता हा त्याला तीनदा थुंकायला लावणार. दादामियाँनं मशीन बंद केली. "जागेपणी त्या मशीनचं काय चाललंय?"

"हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर कधी चालतो, कधी नाही."

"मग हे स्वप्न नाही, तक्रार आहे. कागदावर लिहून दे साहेबाला." आणि माझा हात ओढून त्याच्यासमोर धरला. "हे बघ अण्णांचं बोट. ह्यांना स्वप्न पडलं नव्हतं. तुला पडलंय, तू नशीबवान."

त्या गड्यानं खरंच लिहून दिलं. आधी शिव्या खाल्ल्या, पण सेन्सर बदलला. पुढच्या महिन्यात तो पेढे घेऊन आला. दादामियाँ म्हणाला, "हाताचे आहेत, दोन्ही हातांनी घेतो."

आता माझं सांगतो.

माझी बायको सुमन गेल्या वर्षी गेली. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बरी दिसत होती. मी चहाला खाली निघालो. ती म्हणाली, "थांबा थोडं." मी म्हटलं, "आलोच. लगेच मरत नाहीस तू." चहा पिऊन वर आलो तेव्हा तिच्या तोंडावर चादर होती.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पोराला नाही, सुनेला नाही.

सून रेखा. चाकणच्या एका कंपनीत असेंब्लीला आहे. सुमनचं महिन्याचं घातलं त्या दिवशी रेखा सगळ्यांसमोर म्हणाली, "आई माझ्या स्वप्नात येतात. ओट्यापाशी उभ्या राहतात आणि विचारतात, त्यांनी खाल्लं का?" माझी मेहुणी म्हणाली, माझ्याही येते. शेजारीण म्हणाली, माझ्याही. माझ्या मात्र एकदाही आली नव्हती. चाळीस वर्षं जिच्याबरोबर काढली ती गावभर फिरतेय आणि माझ्याकडं फिरकत नाही. मी ताट सरकवून उठलो. त्या दिवसापासून रेखाशी बोलणं टाकलं. तिनं वाढलेलं निम्मं पानात ठेवायला लागलो. पोर बिचारी काय चुकलं म्हणून रडली असेल. मला तेव्हा तेही बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

मयताचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. लोक नदीला नेतात, नाहीतर स्मशानाच्या कुंपणाला टाकतात. मी सुमनची गादी माळ्यावर दडवून ठेवली होती. मग एकदा वाटलं, तिच्या गादीवर झोपलं तर येईल ती. चार दिवस तिच्याच कडेला झोपलो. पाठ धरली, पण ती आली नाही. शेवटी रिक्षात घालून गादी दादामियाँकडं नेली. पिंजून, नीट करून परत झोपून बघू म्हटलं.

दुपारची वेळ होती. त्यानं गादी ओळखली. तरी नेहमीसारखं विचारलं, "स्वप्नं कसली पडतात?"

आणि मी खोटं बोललो. म्हटलं, "सुमन येते. हिरवं लुगडं नेसलेली असते. म्हणते, मी सुखात आहे, काळजी करू नका."

 दादामियाँ खाली वाकला, कापसातून सरकीचे दोन दाणे वेचले आणि माझ्या तळहातावर ठेवले.

"मारा गाठ."

"कसली?"

"दोन दाण्यांची एकमेकांना. आमच्यात सांगतात, जो न पडलेलं स्वप्न सांगतो त्याला वर गेल्यावर जवाच्या दोन दाण्यांना गाठ मारायला बसवतात. बसतच नाही ती गाठ. इथं जव नाही, सरकी आहे. मारा. सराव होईल."

मी चिडलो. "मला खोटारडा म्हणतोस काय रे?"

"अण्णा, तुमच्या सुमनताईंनी उभ्या जन्मात कुणाला 'काळजी करू नका' म्हटलं होतं का? बाई चार घरची काळजी स्वतः करायची."

मग मला धीर धरवला नाही. मी कापसाच्या ढिगावर बसलो आणि सगळं सांगितलं. चहा, 'थांबा थोडं', मी जे बोललो ते, मेहुणीची आणि सुनेची स्वप्नं. म्हटलं, "ती रागावून गेली, दादामियाँ. म्हणून येत नाही."

त्यानं पाणी दिलं. म्हणाला, "मेलेलं माणूस स्वप्नात कशाला येतं? तुमच्यातही सांगतात ना, मागायला येतं. तुमच्या मेहुणीच्या स्वप्नात काय म्हणाली?"

"काही नाही. नुसती दिसली."

"आणि सुनेच्या?"

"मी खाल्लं का विचारते."

"म्हणजे हिशोब सरळ आहे. तिला एकच गोष्ट पाहिजे, तुम्ही जेवायला पाहिजे. ते सांगायला ती कुणाकडं जाईल? जी रांधते तिच्याकडं. तुमच्याकडं कशाला येईल? तुम्ही तिचं कधी ऐकलंय का?"

मला हसू आलं. सुमन गेल्यापासून पहिल्यांदा. पण पटलं नाही. म्हटलं, "हे तू माझं मन राखायला बोलतोस."

"बरं. मग माझं ऐकू नका. गादीचं ऐका."

त्यानं गादीची शिवण उसवली आणि खोळ पालथी घातली. कापूस जमिनीवर पसरला, झोपलेल्या माणसाएवढा लांब. एका कडेला कापूस दगडासारखा बसलेला, गाठी गाठी झालेला. दुसरी अर्धी बाजू तशीच फुललेली. हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला.

"ही गादी मीच भरली होती," तो म्हणाला. "दोन माणसांची. दोन्हीकडं कापूस सारखा. मला सांगा, तुम्ही किती वर्षं हिच्यावर झोपला नाहीत?"

मी रिटायर झाल्यापासून बाहेरच्या खोलीत खाटेवर झोपत होतो. माझ्या घोरण्यानं तिला झोप लागत नाही म्हणून. त्याआधी, जुनी गादी होती तेव्हा, निम्मी वर्षं रात्रपाळी. म्हटलं, "हे चार दिवस सोडले तर ही भरल्यापासून एकदाही नाही."

"तरी ती कडेलाच झोपली. अख्खी गादी मोकळी, आणि बाई भिंतीला चिकटून. ही जागा कुणासाठी राखली होती? माझ्यासाठी?"

मी त्या फुललेल्या कापसात हात घालून बसलो. त्यानं मशीन सुरू केली नाही. म्हणाला, "एका शब्दानं हे सपाट होत नाही, अण्णा. इतक्या वर्षांची झोप आहे ही."

लोक म्हणतात मयताचा कापूस पिंजू नये. मी तेही विचारलं. तो म्हणाला, "कापूस मरत नाही राव. पिंजला की नवा." मग दोन्ही बाजूंचा कापूस त्यानं एकत्र पिंजला. माझ्या खाटेची गादी झाली आणि एक उशी जास्तीची झाली. उशी माझ्या हातात देऊन म्हणाला, "ही सुनेला. माझ्याकडून नाही, तुमच्याकडून द्या."

मी उशी नेली. रेखाच्या पुढं ठेवली आणि म्हटलं, "सासूच्या गादीतली आहे. चालत असेल तर घे." तिनं उशी छातीशी धरली. त्या दिवशी मी पानातलं सगळं संपवलं. पण ह्यापुढं तिच्याशी काय बोलायचं ते मला येईना. इतके दिवस तोंड बंद ठेवलं की ते उघडायलाही जोर लागतो.

दादामियाँ ह्या थंडीत गेला. कापसानं त्याची छाती आधीच खाल्ली होती. शेवटी भेटायला गेलो तेव्हा खाटेवर पडूनही माझी थट्टा. "सरकी आहे का जपून?" मी खिशातून काढून दाखवली. म्हणाला, "बसली गाठ?"

"नाही."

"बसायची नाही. आता खरं पडेल ते सांगा. आणि कुणाला सांगायचं ते माहीत आहे ना?"

"तू बरा हो. तुलाच सांगतो."

त्यानं मान हलवली. "मी नाही. घरातलं माणूस बघा."

त्याच्या दुकानाच्या जागी आता फोमच्या गाद्या विकतात. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, इकडून तिकडून सारख्या. तिथं कुणी काही विचारत नाही. पिंजण त्याच्या मुलानं घरी नेली, आणि तो ती पुसतो, असं ऐकलं.

मागच्या आठवड्यात पहाटे मला स्वप्न पडलं. काय पडलं ते तुम्हाला सांगणार नाही. कायदा म्हणजे कायदा. उठलो तेव्हा छाती हलकी होती. स्वयंपाकघरात दिवा होता. रेखा पहिल्या पाळीचा डबा भरत होती. मी दारात उभा राहिलो. खिशातले दोन दाणे बोटांत धरले होते.

म्हटलं, "रेखा, मला स्वप्न पडलंय."

तिनं घड्याळाकडं बघितलं. "अण्णा, कंपनीची बस येईल आता."

"थांब थोडं," मी म्हटलं.

तिनं गॅस बंद केला. डबा तसाच उघडा ठेवला आणि खाली बसली.