म्हशीच्या वाट्याचं नेट

महिना संपायच्या आत आमच्या घरचं नेट रांगायला लागायचं आणि मी कॉलेजातल्या लेकीवर खेकसायचो. एका रविवारी तीच भडकली. तिनं राउटरचं पान उघडून कुठल्या फोननं किती डेटा खाल्ला ते माझ्या नाकासमोर धरलं. तिचा फोन कुठंतरी मधे होता. सगळ्यात वर होता मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना दिलेला जुना फोन.

कोल्हापुरात भरवस्तीतल्या घरामागं म्हैस असणं काही नवल नाही. आमचीही आहे. मी तणतणत गोठ्यात गेलो, तर आबा धार काढत बसलेले. समोर खुंटीला फोन टांगलेला, त्यावर कुस्ती रंगलेली, आणि म्हैस निवांत रवंथ करतेय.

"आबा, बंद करा ते. घरातलं नेट तुम्हीच संपवताय."

"म्हशीला सवय लागलीया. बंद केलं की पान्हा चोरती."

माझा विश्वास बसेना. मी फोन बंद केला. म्हशीचं तोंड चालायचं थांबलं, पाय झाडला गेला, आणि दुधाची धार आटली. तिनं मान वळवून माझ्याकडं असं बघितलं, की मी मुकाट्यानं कुस्ती परत लावली.

तरी मी हटलो नाही. म्हटलं, "मग नुसता आवाज ठेवा. डेटा चित्रालाच लई लागतो. म्हैस काय कुस्ती बघतीया?"

आबांनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही.

"म्हस न्हाय बघत. मी बघतोय की."