उआनच्या शिंका

उआन म्हणजे लठ्ठ. आईने कौतुकाने ठेवलेलं हे नाव सुरिन गावच्या तालमीत चेष्टेचा विषय होतं, कारण ठोसे-लाथांच्या प्रत्येक लढतीआधी उआनची हाडं मोजता यायची. भर उन्हात प्लॅस्टिकचा सूट चढवून धावायचं, जेवण बंद, पाणी बंद, तोंडातली लाळसुद्धा थुंकून टाकायची आणि मग नागडं होऊन काट्यावर उभं राहायचं. वजन एकदाचं ठरलेल्या गटात बसलं की दुसऱ्या दिवशी तोंड आलेलं, घसा बसलेला आणि शिंकांवर शिंका.

त्या शिंकांचा उआनला कोण आनंद! कोणी आठवण काढली की शिंक येते, हे सुरिनमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि आपली आठवण कोण काढतंय याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. तालमीसमोर गाडी लावून कच्च्या पपईची कोशिंबीर कुटणारी जुबजेंग, दुसरी कोण?

"वस्ताद, पोरगी वेडी झालीय माझ्यासाठी!" शिंकता शिंकता तो सांगे.

"मग तिला म्हणावं, जरा बेतानं आठवण काढ," वस्ताद साम्रान वैतागत. "सगळे हातमोजे शेंबडानं भरलेत."

एकदा तो अंगात ताप घेऊनच लढला आणि दुसऱ्या फेरीत आडवा झाला. आखाड्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला फैलावर घेतलं.

"चार दिवसांत शरीर असं पिळून काढलंस, तर रोगाशी लढायला त्यात उरतंय काय? आल्यागेल्याची सर्दी तुला चिकटते. कोणी आठवण-बिठवण काढत नाहीये, बाबा."

हरण्यापेक्षा हेच त्याच्या जिव्हारी लागलं. वस्तादांनी मात्र धसका घेऊन त्याला वरच्या वजनगटात उतरवलं. उआन रोज जुबजेंगकडे जेवू लागला. चिकट भात, भाजलेली कोंबडी, वर तिखटजाळ कोशिंबीर. अंगावर मूठभर मांस चढलं, लढत जिंकली आणि महिनाभर एकही शिंक आली नाही. पठ्ठ्या पार खचला. पोरगी आपल्याला विसरली, दुसरं काय!

अशात जुन्या वजनगटातल्या किताबाची लढत चालून आली. "लढत भरवणाऱ्यांना संध्याकाळपर्यंत कळवायचंय. तुझ्या जिवाला झेपेल तरच हो म्हण," वस्ताद चाचरत म्हणाले. उआन तर नाचायलाच लागला. किताब मिळो न मिळो, शिंका तर येतील! तो धावत समोर गेला.

"आज जेवण नको. वजन उतरवायचंय."

जुबजेंगचं मुसळ हवेतच थांबलं. "आता हे कशापायी?"

बावळटासारखं त्याने सगळं खरं सांगून टाकलं. तिला हसावं की रडावं कळेना.

"अरे गाढवा, तू शिंकत यायचास तेव्हा मी उखळावर झाकण घालायचे! आठवण कसली काढतेय? कधी एकदाचा टळतोस असं व्हायचं."

उआनचा चेहरा पडला. "म्हणजे कधीच नाही काढलीस?"

"काढली ना. हा महिनाभर रोज. तू जेवून उठलास की लगेच."

"पण मला तर एकही शिंक..."

"नाही आली, तेच बरं झालं." तिने भाताची टोपली त्याच्यापुढे आदळली. तिचे कान लाल झाले होते. "आता काय ते ठरव. जेवणार आहेस की शिंकणार आहेस?"

उआन मटकन खाली बसला. इतका आनंद झाला होता की वेड्यासारखा नुसता हसत होता.

"काय कळवू रे त्यांना?" तालमीच्या दारातून वस्ताद ओरडले.

तोंडात घास मावत नव्हता, म्हणून उआनने दोन्ही हात हलवून नाही म्हटलं.