चढावरची अर्धशिशी

माझ्या डोक्याविषयी आमच्या घरात दोन पक्ष होते. एक माझा, म्हणजे मी एकटी. दुसरा सासूबाईंचा, आणि त्यात बाकी सगळी पेठ. मी म्हणायची डोकं दुखतंय, त्या म्हणायच्या थेरं आहेत. आता हे हसत सांगता येतं. तेव्हा मात्र दात-ओठ खायची मी.

माझं माहेर गारगोटीचं. नव्वद सालच्या आसपास लग्न होऊन कोल्हापुरात आले. रुखवतात काय काय आलंय ते सासूबाईंनी गल्लीतल्या बायकांना बोलावून दाखवलं. अर्धशिशी मात्र न सांगता माझ्याबरोबर आली होती. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात, म्हणून मीही आत्तीच म्हणायची. मालक, म्हणजे माझा नवरा, उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर कामाला. माणूस गरीब, आईपुढं तोंड उघडायचं नाही हे त्याला लहानपणीच कळलेलं.

अर्धशिशी ज्याला होते त्यालाच ती कळते. आधी डोळ्याच्या कडेला एक वाकडीतिकडी रेघ चमकायला लागायची. ती वाढत वाढत जायची आणि समोरचं अर्धं पुसून टाकायची. आत्ती समोर उभ्या असल्या तर अर्ध्याच आत्ती दिसायच्या. पण ती अर्धी आत्तीसुद्धा पुऱ्या आत्तीएवढंच बोलायची. मग रेघ गेली की कवटीच्या एका बाजूला घण पडायला लागायचे, पोटातलं सगळं उलटून यायचं, आणि मी आतल्या खोलीत गोधडी डोक्यावर घेऊन पडायची. कुणी चमचा खाली टाकला तरी जीव जायचा.

उपाय कमी झाले नाहीत, हे कबूल करायला पाहिजे. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खायची, अर्धशिशी पळते. खाल्ली. माझं वजन वाढलं, अर्धशिशी जागची हलली नाही. नाकात तूप सोडलं. शेवटी दृष्ट. आत्ती मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या माझ्यावरून उतरवून शेगडीत टाकायच्या. ठसका लागला नाही तर नजर जबर, असा नियम. आता घरात लवंगी मिरची जळल्यावर ठसका लागणार नाही तर काय होणार? शेजारची माणसं खोकत रस्त्यावर यायची. मी आत आतडी वर येईपर्यंत ओकत असायची. पण आत्तींच्या नाकाला काही तो ठसका कधी लागला नाही. "बघ, किती नजर हुती," असं म्हणून त्या समाधानानं हात धुवायच्या.

पण हे सगळं परवडलं. खरा घोळ खेट्यांचा.

माघ महिना आला की आमच्या पेठेतल्या माणसांना रविवारी घरात बसवत नाही. पाच रविवार जोतिबाला चालत जायचं, त्याला खेटे म्हणतात. पहाटे अनवाणी निघायचं, नदीचा पूल ओलांडून वडणगे, कुशिरे करत डोंगराच्या पायथ्याला गायमुखापर्यंत, आणि मग चढ. सपाटीवर मी कुणाला हार जायची नाही. गप्पा मारत, खिदळत सगळ्यांच्या पुढं. चढ सुरू झाला की मात्र छातीत भाता चालल्यासारखं व्हायचं, पाय शिशाचे व्हायचे. साठी ओलांडलेल्या म्हाताऱ्या "चांगभलं" करत माझ्या बाजूनं वर जायच्या. आणि अर्ध्या वाटेवर, ठरलेल्यासारखी, डोळ्यापुढं ती रेघ.

पहिल्या वर्षी आत्तींना वाटलं, नवी सून आहे, सवय नाही. पुढच्या वर्षी वाटलं, कामचुकारपणा. त्यानंतर त्यांनी शोध लावला की माझ्या माहेरच्यांचा कसला तरी नवस फेडायचा राहिलाय, म्हणून देव माझं डोकं धरतो. मग उपाय काय? खेटे! पाचच्या पाच, एकही चुकवायचा नाही.

"आत्ती, चढलं की दुखतंय ओ," मी म्हणायची.

"म्हणून तर चढायचं. द्येव बघतोय तुला."

डोकं दुखतंय म्हणून खेटा, आणि खेट्यानं डोकं दुखतंय. एका वर्षी तर माझा तोल सुटला. भर पायऱ्यांवर बसकण मारली आणि ओरडले, "न्यायचं असंल तर उचलून न्या! मी एक पाऊल टाकणार न्हाय!" आमच्याकडच्या बायकांचा आवाज मुळात बारीक नसतो, त्यात माझा गारगोटीचा. वरची-खालची माणसं थांबून बघायला लागली. आत्तींनी पिशवीतून एक पांढरं फडकं काढलं. ते त्या दर खेट्याला माझ्यासाठी घेऊन यायच्या. माझ्या कपाळाभोवती कचकचून आवळलं, दंडाला धरलं आणि ओढत वर नेलं. रागानं बांधायच्या, पण बांधायच्या, एवढं मात्र खरं.

अशी बरीच वर्षं गेली. दोन मुली झाल्या, शाळेत जायला लागल्या. पेठेत माझं नाव पक्कं झालं होतं: देवाचं काम म्हटलं की हिचं डोकं दुखतं. खरं सांगते, शेवटी शेवटी मलाही शंका यायला लागली होती. आपण खरंच सोंग करतो की काय? इतकी माणसं म्हणतात, तर त्यात काहीतरी असेल. दुखण्यापेक्षा हे वाईट होतं.

मग दोन हजार सालानंतरची गोष्ट. एक दिवस भाकरी थापताना रेघ आली आणि डाव्या हाताला मुंग्या आल्या. हात काही वेळ माझा राहिलाच नाही. तवा पडला, भाकरी पडली. थोड्या वेळानं सगळं जागेवर आलं, पण मालकांचा चेहरा पांढरा पडला होता. जन्मात पहिल्यांदा ते आईला न विचारता म्हणाले, "चल, डोक्याच्या डॉक्टरकडं जाऊ."

आत्ती बरोबर आल्याच. माझ्या काळजीनं नव्हे, माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला.

डॉक्टर तरुण होते, शांत. मला विचारत होते, रेघ किती वेळ राहते, उलटी होते का, झोप कशी आहे. मी सांगत होते. आत्तींना ते काही सोसेना. त्या पुढं सरकून म्हणाल्या, "डाक्टर, मी सांगतो तुमास्नी." कोल्हापूरची जुनी बाई, ‘मी सांगते’ नाही, ‘मी सांगतो’ म्हणणारी. "सपाटीला ही घोडीगत चालतीया. द्येवाच्या पायऱ्या आल्या की कुत्र्यागत धापा टाकतीया, छातीवर हात ठेवून बसतीया, आन मग हिचं डोकं. माडीवर पाण्याची कळशी न्यायची म्हटली तरी त्येच. कामाला नको म्हणून सोंग हाय ओ. तुमीच सांगा हिला चार शब्द."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजी, परत एकदा सांगा. चढताना काय होतं?"

आत्तींना तर हुरूप आला. त्यांनी सगळे खेटे सांगितले, एकही सोडला नाही. डॉक्टर ऐकत होते, आणि ऐकता ऐकता उठून त्यांनी माझ्या छातीला नळी लावली. बराच वेळ लावून ठेवली. श्वास घ्या, सोडा, धरा. डोकं दुखतंय आणि हा बाबा छाती काय तपासतोय, असं मला वाटलं. मग त्यांनी एक चिठ्ठी दिली आणि छातीची सोनोग्राफी करून या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती केली. पडद्यावर माझं हृदय धडधडत होतं. निळं-लाल रक्त इकडून तिकडं जाताना दिसत होतं, जिथून जायला नको तिथूनही. तिथल्या डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे. जन्मापासूनचं.

वेडी म्हणाल मला, पण मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आनंद. अक्षरशः आनंद. भोक आहे! डोळ्यांना दिसतंय! सोंगाला भोक नसतं. मी तिथंच तोंडावर पदर घेऊन हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. मालकांना वाटलं, बाई हातची गेली.

भीती घरी आल्यावर वाटली. मुली अभ्यास करत बसल्या होत्या, मी त्यांच्या वेण्यांकडं बघत राहिले. हृदयाला भोक म्हणजे काय भाकरीला पडलेलं भोक आहे? मी मेले तर यांच्या वेण्या कोण घालणार? त्या रात्री मालकांनी मला समजावलं, त्यांच्या भाषेत. "हे बघ, दोन चेंबरच्या मधलं पॅकिंग लीक हाय. वॉशर बसवला की काम झालं. इंजिन चांगलं हाय तुझं." पंधरा वर्षांत माझं एवढं कौतुक त्यांनी कधी केलं नव्हतं.

वॉशर पुण्यात बसवायचा ठरला. छाती फाडायची नव्हती. मांडीतल्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत न्यायची आणि छत्रीसारखं उघडणारं झाकण त्या भोकावर बसवायचं. पुण्याचे डॉक्टर सरळ बोलणारे होते. म्हणाले, "भोकामुळं हृदयाची उजवी बाजू फुगायला लागलीय, म्हणून बंद करायचं. धाप कमी होईल. डोक्याचं मात्र मी वचन देत नाही."

"पण दोघांचा संबंध असंल का?" मी विचारलं.

"असू शकतो. अशी भोकं असलेल्या पुष्कळ लोकांना अर्धशिशीही असते, असं दिसतं. रक्तातलं जे काही फुफ्फुसात गाळून निघायचं ते कधीकधी न गाळता मधूनच पलीकडं निसटतं आणि मेंदूकडं जातं, त्यानं होत असेल, असं काहींचं म्हणणं आहे. पक्कं कुणालाच माहीत नाही. बंद केल्यावर काहींचं डोकं दुखायचं थांबतं, काहींचं नाही, काहींचं आधी वाढतं. आणि भोक असून डोकं कधीच न दुखलेली माणसंही आहेत."

मला ते उत्तर आवडलं. इतक्या वर्षांत ‘माहीत नाही’ म्हणणारा हा पहिलाच माणूस भेटला होता. बाकी सगळ्यांना सगळं माहीत होतं.

झाकण बसवलं त्या दिवशी आत्ती बाहेरच्या बाकावर पाण्याचा घोटही न घेता बसून होत्या, असं मला मालकांनी नंतर सांगितलं. मी शुद्धीवर आले तेव्हा त्या उशाशी होत्या. एक अवाक्षर बोलल्या नाहीत. मी पाणी मागितलं तर चमच्यानं पाजलं, आणि सांडलेलं पदरानं पुसलं. मला तर वाटलं, आपण मेलोच बहुतेक, त्याशिवाय या गप्प कशा.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे रेघा जास्तच आल्या. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं तरी मी हबकले. आत्तींनी शेगडी पेटवायला घेतली, मिरच्या मुठीत होत्या. माझ्याकडं बघितलं, आणि मिरच्या परत डब्यात टाकल्या. त्यांनी नुसतीच खिडकी बंद केली आणि मुलींना दटावलं, "आवाज करू नगासा, आई झोपलीया." मी गोधडीत तोंड खुपसून पडले होते, तरी मला हसू आलं.

मग हळूहळू रेघा विरळ झाल्या. एक महिना गेला, आली नाही. पावसाळा गेला, आली नाही. दिवाळीत एकदा आली, पण नुसती चमकून गेली, घण पडलेच नाहीत. मी कुणाला बोलले नाही. बोललं की नजर लागते, एवढी मीही आत्तींची सून आहे.

माघ आला. डॉक्टरांनी चढायला हरकत नाही म्हणून सांगितलेलं. पहिल्या खेट्याला आत्ती म्हणाल्या, "तू ऱ्हा घरात. मी एकटी जातो." मी म्हटलं, "येणार." त्यांचंही वय झालं होतं, गुडघे बोलायला लागले होते. गायमुखापासून मी जपून चढायला लागले. एक पायरी, दुसरी, कान स्वतःच्याच छातीकडं. भाता सुरू झाला नाही. घाम आला, दम लागला, पण सगळ्यांना लागतो तसा. आत्ती मात्र चढ सोडून माझ्याच तोंडाकडं बघत होत्या.

"आली का रेघ?"

"न्हाय."

जरा वर गेलो की परत. "आली?"

"न्हाय ओ आत्ती, पायाकडं बघा, पडशीला."

अर्ध्या वाटेवर ज्या पायऱ्यांवर मी बसकण मारली होती तिथं आलो. मला बसायचं नव्हतं. त्याच बसल्या, धापा टाकत. मी त्यांच्या शेजारी टेकले. खालून माणसं "चांगभलं" करत वर येत होती, सूर्य चांगला डोळ्यावर आला होता. मी मुद्दाम त्याच्याकडं बघितलं. सूर्य होता, बाकी काही नाही. आख्खा डोंगर दिसत होता, आख्ख्या आत्ती दिसत होत्या.

त्यांनी पिशवीतून ते पांढरं फडकं काढलं. आणलंच होतं. मांडीवर ठेवलं, घडी उलगडली, परत घातली.

"इतकी वरसं मी तुला ह्यो डोंगूर चढवत हुतो," त्या म्हणाल्या. "भोक घिऊन. का बोलली न्हाईस गं पोरी?"

मला संताप आला. इतका जुना, इतका ओळखीचा की मी उठून उभीच राहिले. "बोलली न्हाय? बोललो की! हितंच, ह्याच पायरीवर बसून वरडून वरडून बोललो! सगळा डोंगूर ऐकत हुता!"

माणसं परत थांबून बघायला लागली. आत्ती नेहमीसारख्या उसळल्या नाहीत. फडक्यानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले, आणि हात वर केला, मी धरून उठवावं म्हणून.

"व्हय," त्या म्हणाल्या. "बोललीस. मी ऐकलं न्हाय."

मी हात धरला. तिथून वरपर्यंत, त्यांना दम लागत होता तिथं तिथं थांबत, मी त्यांना चढवलं.