दाजींचं वंगण

माझा थोरला भाऊ श्रावणात काविळीने गेला, आणि खंडेनवमीच्या सकाळी मी त्याची मोटारसायकल धुवायला बसलो. वर्षाच्या आत घरात सण करत नाहीत. पण बोरीहून आलेल्या दाजींनी, म्हणजे अक्काच्या नवऱ्याने, आदल्या दिवशीच निकाल दिला होता, "लोखंडाला सुतक नसतंय." भाऊ गेल्यापासून दाजी तिसऱ्यांदा भेटायला आले होते, या खेपेला अक्काला घेऊन. दर वेळी त्यांचं दुःख आधी गोठ्यात, गाडी उभी होती तिथे, एक चक्कर मारायचं आणि मग घरात यायचं.

गाडी भावाने जुनी घेतली होती आणि एकाच कामासाठी घेतली होती. वहिनींना पूर्णेच्या शाळेत नोकरी लागली होती. दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. पूर्णेची सकाळची रेल्वे पिंगळीला मिळायची आणि आमचं गाव पिंगळीपासून दोन कोस आत. नामांतराचे दिवस होते. आज बंद, उद्या मोर्चा. एसटी आली तर आली. वहिनींना रोज सकाळी स्टेशनावर सोडायचं असं भावाने ठरवलं होतं. आता ते काम माझ्याकडे आलं होतं. मी गावातल्या शाळेत मास्तर. गाडी चालवायला भावाकडून खळ्यावर शिकलो होतो, पण दुसऱ्या गिअरच्या पुढे माझी विद्या गेलेली नव्हती.

दाजींना गाडी हवी होती. तसं त्यांनी सरळ म्हटलं नाही. ते म्हणाले, "मास्तर, गाडी काय वाचायची चीज हाय का? गोठ्यात उभी करून गंज खायाली. आन् वहिनीबाईला आता नोकरी कशाला? घरात भाकरी हाय की. दसऱ्याला मी घिऊन जातो, म्हंजी तुमच्या डोक्याला ताप न्हाई."

आप्पा, आमचे वडील, बाजेवर बसून सुपारी कातरत राहिले. जावयाने भरदिवसा दिवा लावायला सांगितला असता तर आप्पा वात वळायला बसले असते. स्वयंपाकघरातला वहिनींचा भाकरी थापण्याचा आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा जास्तच जोरात.

तर मी गाडी धुवायला बसलो. आमच्याकडची काळी माती ओली असते तेव्हा पाय धरते आणि वाळली की दगड होते. गाडीच्या चासीवर तिचे थर चढले होते. लाकडी पाचरीने ढलपे काढले, खाचांत दाणे काढलेल्या मक्याचं बुरकुंड फिरवलं, मग रॉकेलमध्ये फडकं बुडवून एकेक नळी पुसत गेलो. फडकं भावाच्या जुन्या सदऱ्याचं होतं. माती त्याच्याच शेवटच्या फेरीची. मी गलबलून जाऊ नये याची काळजी दाजी घेत होते. ते बाजूला खुर्ची टाकून बसले होते आणि मी पुसलेली प्रत्येक जागा बोटाने तपासत होते. "हितं बघा मास्तर. हितं ऱ्हायलं. तुमचं आपलं ओझरतं काम."

चाकं काढून ब्रेक उघडले. ड्रममध्ये काळी भुकटी साचली होती. ती झटकली, ड्रम कोरड्या फडक्याने लख्ख पुसला, लायनर काचकागदाने हलकेच घासले. हे मी पुस्तकात वाचून शिकलो होतो. लायनर ड्रमला घासला की चाक थांबतं, म्हणून तिथे तेलाचा थेंबही चालत नाही, एवढं त्या पुस्तकात जाड अक्षरांत छापलेलं होतं. चाकं बसवली, फिरवली, ब्रेक दाबला. कोरडा ब्रेक कर्रकन वाजला.

दाजी खुर्चीतून उठलेच. "ओरडायलंय! तेल मागायलंय ते."

मोटारसायकल ते कुणाकुणाची मागून फिरवायचे, पण उभ्या आयुष्यात निगा राखली ती बैलगाडीची. बैलगाडीचं चाक ओरडलं की आखाला वंगण घालायचं. मुकं जनावर जसं ओरडून पाणी मागतं तसं चाक वंगण मागतं, यावर त्यांचा पक्का विश्वास होता. बैलगाडीखाली टांगलेलं वंगणाचं नळकांडं ते स्वतः सोडून घेऊन आले.

"दाजी, ब्रेकला तेल लावत नसतात," मी म्हणालो. पण असं म्हणालो, की बोलल्याचं पुण्य लागावं आणि ऐकू मात्र जाऊ नये.

दाजींना ऐकू गेलं. "पुस्तक वाचून बैल हाकलेत का कुनी? उघडा ते चाक."

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, "दाजी सांगायलेत तर असंल काहीतरी."

मी चाकं परत उघडली. दाजींनी दोन बोटांनी ड्रमला आतून वंगण फासलं, एखाद्या लेकराच्या टाळूवर तेल जिरवावं तसं, मायेने. लायनरलाही फासलं. मागचं झाल्यावर पुढचं. मी पाने हातात देत गेलो. चाकं बसल्यावर ब्रेक दाबला तर हूं की चूं नाही. "बघा," दाजी म्हणाले, "कसं गप झालं." मीही गप होतो. जावयाचा मान राखतोय, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर गाडी आता आपोआप घरी राहील, असा हिशेब माझ्या डोक्यात सुरू झाला होता. त्या हिशेबात फक्त दाजी होते.

दसऱ्याला दाजींनी गाडीला झेंडूचा हार घातला. आमच्या घरातला त्या वर्षीचा तेवढाच झेंडू. गल्लीतले चार लोक निरोपाला जमले. किक मारून दाजी मागे वळून म्हणाले, "चला, बसा." आणि अक्का पदर खोचून, पिशवी सांभाळत पुढे आली.

मग माझा आवाज फुटला. "अक्का, बसू नकोस!"

निघताना टोकलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अक्का म्हणाली, "अरे, येड लागलं का तुला?" मी तिची पिशवी धरून ठेवली. ब्रेकला वंगण आहे, गाडी थांबणार नाही, असं मी बोललो, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं. दाजींचा चेहरा तांबडा झाला. "थांबत न्हाई? आत्ता ओढ्यापत्तर जाऊन थांबवून दावतो!" आणि ते एकटेच सुटले.

आमच्या दारापासून ओढ्यापर्यंत सरळ उतार आहे. दाजी मारुतीच्या पारापर्यंत ऐटीत गेले. पारापुढे त्यांनी ब्रेक दाबला असावा, कारण तिथून त्यांचा आवाज बदलला. "सरका! सरका!" कोंबड्या सरकल्या, पारावरची माणसं सरकली, ओढा मात्र होता तिथेच राहिला.

लागलं काही नाही. कमरेइतक्या चिखलाने त्यांना अलगद झेललं. आम्ही पोचलो तेव्हा ते बसलेले होते आणि गळ्यात गाडीचा हार होता. आता तरी वंगणाचं नाव निघेल म्हणून मी वाट पाहिली. दाजी दम खाऊन म्हणाले, "त्यानं सोडलं न्हाई मला. दाबतो तर मागून ढकलायलाय. त्याचा जीव गुंतलाय गाडीत."

वंगणाचं मी घटकेपूर्वी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. कुणालाच ते आठवेना. माणसं हळहळली, बायांनी डोळे पुसले. आप्पांनी गाडीला हात जोडले. जावई चुकला असं मानण्यापेक्षा पोटचा मुलगा भूत झाला असं मानणं त्यांना सोपं गेलं. आणि मी, ज्याला सत्य तोंडपाठ होतं, तोंड मिटून उभा राहिलो. भुताची गाडी बोरीला कोण नेणार? आयुष्यात कुणाला मागून ढकलायला न गेलेल्या माझ्या भावाला मी त्या ओढ्यात भूत होऊ दिलं.

पुढच्या रविवारी पेट्रोलने ड्रम धुतले, लायनर नवे टाकले. दिवाळीनंतर पहिल्या सकाळी वहिनी डबा मांडीवर घेऊन मागे बसल्या. गावात कुणी हरकत घेतली नाही. नवऱ्याच्या जीवाची गाडी बायकोला काय करणार, असं लोकांनी ठरवलं होतं. अर्धी वाट सरली. मी तिसरा गिअर टाकायचं धाडस गोळा करत होतो.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "खरंच ते हायेत का हिच्यात?"

त्यांच्या आवाजावरून त्यांना कुठलं उत्तर हवं होतं ते मला कळलं. मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. "नाही वहिनी. ते वंगण होतं."

त्यांनी समोरच्या कापसाकडे पाहिलं. पदराने नाक पुसलं. मग डबा नीट धरून म्हणाल्या, "चला, रेल्वे चुकंल. आन् दाजींच्या कानावर घालू नका. परत मागतेल."