तिसरे रीळ

लातूर हा नवा जिल्हा होऊन फार काळ लोटला नव्हता आणि पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. रेणापूरजवळच्या शाळेत मी इतिहास शिकवत असे. किल्ल्याच्या वेढ्यावरचा एक चित्रपट आणि प्रोजेक्टर लातूरहून एका दुपारपुरता मिळाला, तेव्हा मी दहावीच्या वर्गाला सांगितले की, हा पाहिलात तर धडा पाठ करण्याची गरज नाही. इतक्या खात्रीने मी ते का बोललो, हे मला अजूनही उमगलेले नाही.

खिडक्यांना गोणपाट लावून खेळ सुरू झाला. तिसरे रीळ लागले आणि बाहेर टँकरचा भोंगा वाजला. त्या वर्षी मुले दप्तराबरोबर घागरही आणत. सारा वर्ग घागरी घेऊन धावला; रांगेत भांडणे नकोत म्हणून मीही गेलो. ऑपरेटरला लातूरची एसटी गाठायची होती, तो थांबला नाही. आम्ही परतलो तेव्हा पडद्यावरच्या बुरुजावर निशाण फडकत होते. ते मरणोन्मुख किल्लेदाराचे स्वप्न होते. किल्ला आधीच, आम्हांला हुकलेल्या रिळात, पडला होता. मी चित्रपट पूर्वी पाहिलेला होता. मुलांनी तो पाहिलेला नाही, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

सराव परीक्षेत बहुतेकांनी लिहिले, किल्ला अखेरपर्यंत अजिंक्य राहिला. सर्वांत देखणे उत्तर एका किराणा दुकानदाराच्या मुलीचे होते. पहिला वर्ग मिळाला तरच तिला लातूरच्या कॉलेजात धाडू, नाही तर स्थळे बघू, असे तिच्या वडिलांनी मला शांतपणे सांगून ठेवले होते. बोर्डाची परीक्षा तोंडावर होती. मला झोप येईना.

मी वर्गात चूक सांगितली. ती मुलगी उठली.

“आम्ही डोळ्यांनी बघितलं की, सर.”

“ते स्वप्न होतं, बाळ. किल्ला पडला.”

“मंग कशानं पडला?”

टाक्यांतले पाणी संपले आणि दरवाजा उघडावा लागला, असे मी सांगितले.

“हे पैलं सांगायचं की, सर,” ती म्हणाली. “हे आम्हाला कळलं असतं.”

बोर्डाच्या पेपरात तोच प्रश्न आला. केंद्राच्या फाटकाशी मी तिला गाठले.

“दोन पानं लिवली, सर. कोरड्या टाक्यात बाया कशा उतरत्यात, वाटीवाटीनं घागर कशी भरत्यात, समदं.”

हे ना पुस्तकात होते, ना चित्रपटात. छान, असे मी म्हणालो खरा. पण निकाल लागेपर्यंत कुणा अनोळखी परीक्षकाची लाल रेघ त्या दोन पानांवर फिरताना मला दिसत राहिली.

पहिला वर्ग काठावर मिळाला. जूनमध्ये तिच्या वडिलांनी तिची वळकटी एसटीच्या टपावर चढवली. इतिहासाचे गुण तिने मला सांगितले नाहीत आणि विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.