वशिंडवाला स्पॅनिश बैल आणि रिठदचं अळणी मटण

नाशिकचा आहे म्हटलं की लोकांना वाटतं, मी वाइनमध्येच लहानाचा मोठा झालो. खरं तर माझं कॉलेज दोनदा सुटलं आणि वाइनची अक्कल लग्नांत ट्रे फिरवताना आली. वाशीम जिल्ह्यातल्या रिठदच्या माझ्या मैत्रिणीला, प्राचीला, तेवढी पुरेशी होती. तिचा फोन आला, ‘‘स्पेनची लाल वाइन हाय. तुले फक्त पेऊन खरं सांगाचं हाय.’’ असं आमंत्रण नाकारण्याइतका मी शिकलेलो नाही.

प्राची घरून डिझाइनची कामं करते. पुण्याच्या एका आयातदाराला ही वाइन मराठी लेबल लावून विकायची होती. हे लेबल जमलं, तर पुढची सगळी कामं तिचीच. मागच्या बाजूचं वाक्य त्यानेच पाठवलं होतं : ‘वऱ्हाडी मटणाच्या झणझणीत रश्श्यासोबत अप्रतिम!’ पण तिचे बाबा, अशोककाका, दर रविवारी विहारात पंचशील म्हणतात. घरात कोणी थेंब घेत नाही. त्यांची अट एकच, खोटं लिहायचं नाही. थोडक्यात, खोटं न बोलण्याचं चौथं शील राखायला नशा न करण्याचं पाचवं मोडणारा माणूस बाहेरून मागवला होता. बाटलीही म्हणूनच माझ्या पत्त्यावर आली होती.

तुम्हाला जायचं असेल तर अकोल्याहून वाशीम आणि तिथून रिसोडची एसटी घ्या, रिठद वाटेतच लागतं. मी मात्र वाशीमच्या अलीकडच्या मालेगावलाच (आमच्या नाशिककडचं नव्हे) उतरलो, कारण बसमध्ये कोणीतरी शिरपूरच्या जैन मंदिराचं नाव काढलं. दारात पोचल्यावर आठवलं, पिशवीत टॉवेलात वाइन आहे. मंदिर बाहेरूनच पाहिलं, भजी खाल्ली आणि रिसोडमार्गे उलटा फिरून रिठद गाठलं. दर्शन आणि वाइन एका फेरीत बसवू नका.

बाटलीला उंबऱ्याच्या आत परवानगी नव्हती, म्हणून अंगणात बाज टाकलेली. प्राचीनं लॅपटॉपवर लेबल दाखवलं. काळ्या मातीच्या रंगावर लाल स्पॅनिश बैल, वशिंडासकट.

‘‘अगं, तिकडच्या बैलाला वशिंड नसतं,’’ मी म्हणालो.

‘‘वशिंडाबिगर बैल? मंग जू कुठी टेकवतेत?’’ काकांनी मलाच झापलं.

काकूंनी काळ्या मसाल्याचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी वाढली. मी चहाच्या ग्लासातून वाइनचा घोट घेतला. तिखट दुप्पट भडकलं आणि वाइन कडू काढ्यासारखी लागली. डोळ्यांतून पाणी.

‘‘काय लिवू मंग?’’ प्राचीनं लॅपटॉप पुढ्यात ओढला.

काकूंनी नातीसाठी तिखट टाकायच्या आधी मटण काढून ठेवलं होतं, नुसतं हळद-मिठाचं, ज्याला अळणी म्हणतात ते. तोंड शांत करायला तेच दिलं. पुढचा घोट घेतला आणि थांबलोच. काय जमलं होतं ते!

‘‘पोरीचं खाणं अन् मोठ्याचं पेणं,’’ काकू हसल्या. ‘‘कायची दारू म्हनाची हे!’’

प्राचीनं तिथेच लिहिलं : ‘तिखट टाकण्याआधी काढलेल्या मटणासोबत. रश्श्यासोबत नको.’ आणि पाठवलं. लगेच आयातदाराचा फोन. ‘‘मॅडम, मागचं कोण वाचतं? झणझणीतच राहू द्या. नाहीतर पुढची कामं विसरा.’’

काका भाकरी मोडत राहिले, तिच्याकडे बघितलंही नाही. प्राचीनं लॅपटॉप मिटला.

‘‘नाई जमत, सर. बैल ठेवा, वाक्य नाई देत.’’

नाशिकला परतल्यावर बाटलीचा फोटो आला. पुढे बैल तोच, वशिंड छाटलेलं. मागे झणझणीत रस्सा, दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात. मटणात तिखट पडण्याआधी दोन तुकडे काढून ठेवायची सवय मात्र मला लागलीय. आणि प्राची आता रिसोडच्या एका छापखान्यासाठी लग्नपत्रिका करते. ‘आग्रहाचं निमंत्रण’ टाकण्याआधी वधूपित्याला विचारते म्हणे, ‘‘काका, आग्रह खराच हाय ना?’’