वसंताचं नाव कुठं घ्यायचं

भाईकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदगावला हायवेच्या कडेला गाडीचं पंक्चर काढून घेत उभा होतो. सकाळी ते जेटीवर कुणाच्या तरी होडीचं इंजिन उघडून बसले होते. चहा मागवला आणि चहा येईपर्यंत तिथल्या बाकावर बसल्याबसल्याच गेले. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, पण शेवटच्या सकाळीही हात ग्रीसने माखलेले! मी गावी पोचलो तेव्हा अंगणात माणसं दाटली होती. चुलतभावाच्या खांद्यावर हात ठेवून काही बोलणार, एवढ्यात शेजारच्या वाडीतली कावेरीकाकी पुढे आली. तिने पदराने डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर मलाच विचारलं, "आता गाराणा कोण घालतलो रे?" मयत अजून दारात आणि हिला गाऱ्हाण्याची पडलीय, असं दोघी-तिघी कुजबुजल्या. जुन्या माणसांना मात्र तो प्रश्न बरोबर कळला असणार, कारण त्यांच्यातलं कुणीच वर मान करून बघेना.

भाईकाका माझे सख्खे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. नौदलात इंजिनरूममध्ये पंधरा वर्षं काढून गावी परतले आणि जेटीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करू लागले. तोंडाने फटकळ. मी कणकवलीला बँकेत लागलो तेव्हापासून मला "सायब" म्हणायचे, आणि त्यात आदर कितपत असायचा हे मला पुरतं ठाऊक होतं. गावाला पेन्शनर पुष्कळ, पण भाईकाका लक्षात राहणार ते गाऱ्हाण्यासाठी. नारळीपौर्णिमेला समुद्राला नारळ देण्याआधी आमच्याकडे गावाच्या वतीने एक माणूस देवाशी बोलतो. संस्कृत नाही, पोथी नाही, आपली रोजची मालवणी. एकेक मागणं झालं की जमलेला गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणतो. भाईकाकांनी त्यात आपल्या मनाने एक भर घातली होती. गावचे चारजण देशाच्या लढायांत गेले, त्यांची नावं ते घ्यायचे. पासष्टच्या युद्धातला आत्माराम, एकाहत्तरचे दत्ताराम आणि वसंत, आणि अलीकडे कारगिलला गेलेला आमच्याच आळीतला महेश. तीन नावं पूर्वजांच्या ओळीत, "तेंका तुज्या पायाशी जागा दी रे म्हाराजा" म्हणून. चौथं वसंताचं. ते मात्र बऱ्याच पुढे, मासेमारीला गेलेल्या आणि मुंबईला नोकरीला असलेल्या, सुखरूप घरी आण म्हणायच्या माणसांत यायचं. "जी माणसां दर्यार गेली आसत, आमचो वसंत गेलो आसा, तेंका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

वसंत हा कावेरीकाकीचा नवरा. भाईकाका आणि तो एकाच दिवशी भरती झालेले, पण जहाजं वेगवेगळी. एकाहत्तरच्या लढाईत वसंताचं जहाज बुडालं. देह मिळाला नाही. घरी कागद आला, बेपत्ता, मृत समजावं असा. लग्नाला तेव्हा पुरतं वर्षही झालं नव्हतं. काकीने तो कागद ट्रंकेत ठेवला आणि कुंकू लावायचं थांबवलं नाही. सासू होती तोवर घरात वसंताचं नाव तरी निघायचं. ती गेल्यावर तेही थांबलं, कारण काकीच्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. म्हणजे वर्षातून एकदा, किनाऱ्यावर, भाईकाकांच्या तोंडून, एवढंच तिला ते नाव ऐकायला मिळायचं.

पण हे सुरुवातीपासून असं नव्हतं. नौदलातून परतल्यावर भाईकाकांनी पहिल्यांदा गाऱ्हाणं घातलं, तेव्हा त्यांनी वसंतालाही गेलेल्यांतच घेतलं. त्यांना वाटलं, आपण नौदलातले, आपल्याला खरं काय ते ठाऊक आहे. काकी नारळ घेऊन आली होती. ती तो तसाच घेऊन घरी गेली आणि पुढच्या वर्षी किनाऱ्यावर फिरकलीच नाही. तेव्हा भाईकाका तिच्या घरी गेले. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, एकदा इंजिनाचे नट घट्ट करता करता, माझ्याकडे न बघता. "कावेरी, गाराण्याक कित्याक येवक नाय?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "भाई, तुमी तेंका मेलेल्यांत घातलात. तुमी बघलात?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणतलंय? बघूक नाय होतंय. नाय म्हटलंय."

त्याच्या पुढच्या वर्षीपासून वसंत दर्यावर गेलेल्यांत आला. काकांनी हे मला सांगितलं तेव्हा मी नुकताच कॉलेजातून बाहेर पडून बँकेत लागलेला, अंगात शहाणपण मावत नव्हतं. मी काकांना सुनावलं की हे खोटं आहे, देशासाठी गेलेल्या माणसाचा हा मान नव्हे. त्यांनी पाना खाली ठेवला. "खोटा मी एकटोच बोलतंय, सायब. व्हय म्हाराजा अख्खो गाव म्हणता. जा, एकेकाक गाठून सांग." मी कुणाला सांगणार होतो? तेव्हा राग आला होता. आज मला त्या सगळ्या गावाचाच अभिमान वाटतो. चाळीसेक वर्षं लहानथोर सगळ्यांनी एका बाईसाठी तो होकार दिला, आणि एकानेही कधी आवाज खाली आणला नाही...

काकीने सगळ्यांसमोर मलाच विचारलं होतं, तेव्हा गाऱ्हाणं माझ्याच गळ्यात पडणार हे उघड होतं. नारळीपौर्णिमेच्या आदल्या दुपारी मी काकीकडे गेलो. वसंताचं नाव काकांसारखंच घेईन, काळजी करू नको, हे सांगायला. ती पडवीत सुके बोंबील निवडत बसली होती. माझं बोलणं तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "नको रे बाबा. औंदा हेंचा नाव मागल्या माणसांत, पूर्वजांच्या वळीत घे."

मी तिच्या कपाळाकडे बघितलं, कुंकू तिथेच होतं.

"माका काय कळत नाय होता?" ती म्हणाली. "माका एकच भ्या होता. थंय दर्यात बुडलेल्यांत तेंका वळखणारो कोण नाय. परक्या माणसांत एकटे पडतीत. म्हणान मी तेंका थंय धाडूक नाय." तिने एक बोंबील सुपातून उचलला, तसाच परत ठेवला. "आता भाई गेलो. तो सोधून काडतलो तेंका."

मी तिथेच रडलो, आणि काकीने मला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर मी कागद घेऊन उभा राहिलो तेव्हा मागून कुणीतरी ओरडलंच, "सायब अर्ज घेवन इलो!" हशा पिकला. मी सुरुवात केली. आत्माराम, दत्ताराम, महेश... आणि त्याच ओळीत वसंत. मी थांबलो, पण होकार येईना. सगळे काकीकडे बघत होते. ती बायकांच्या पुढे उभी होती, हातात नारळ. आधी तिचाच आवाज आला, एकटीचा, खणखणीत, "व्हय म्हाराजा!" मग सगळा गाव म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला, आणि मी घाईघाईने दर्यावर गेलेल्यांकडे वळलो.

"थांब रे! भाईचा नाव खंय?"

गाऱ्हाण्यात मधेच बोललेली बाई मी तरी कधी पाहिली नव्हती. मी कागद उलटापालटा करून बघितला. चार नावांच्या काळजीत मी भाईकाकांना विसरलो होतो! काहीतरी सारवासारव करायची म्हणून पुटपुटलो, "काकी, काका काय लढाईत..."

"लढाई होती तेवा तो पण दर्यारच होतो. घाल तेंच्या वांगडा."

मी पुन्हा मागे गेलो आणि वसंताच्या जोडीने भाईकाकांचं नाव घेतलं. होकार असा आला की जेटीवरच्या होड्यांतली माणसंही उठून उभी राहिली. नारळ पाण्यात गेल्यावर काकीने माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि घडी घालून आपल्या कनवटीला लावला. "फुडल्या वर्सा ह्यो नको. भाईसारखा तोंडान बोल."

त्यामुळे सध्या कणकवलीला जाता-येता मी गाडीच्या काचा वर करून मोठमोठ्याने गाऱ्हाणं पाठ करतो. सिग्नलला शेजारचे लोक बघतात, बघू देत. पाचही नावं आता न अडखळता येतात. वसंत आणि भाई या दोन नावांच्या मध्ये श्वास घ्यायचा नाही, एवढं मी ठरवून टाकलंय.